मुलींच्या हाती वहीबरोबर उपकरणही यावे: नागपुरातील पालक आणि शिक्षकांसाठी धागा

प्रयोगवही (धागाकर्ती)

नागपुरातील एका अनुदानित शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. मुलींना विज्ञानाची गोडी कशी लावावी, या विषयावर आपल्या शहरात व्याख्याने पुष्कळ होतात. जानेवारी २०२३ मध्ये १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस आपल्याच विद्यापीठाच्या आवारात भरली, तेव्हा तिच्या मुख्य सूत्रातही शाश्वत विकास आणि महिला सक्षमीकरण यांची सांगड घातलेली होती. परंतु वर्गात रोज उभे राहताना माझे मत दिवसेंदिवस पक्के होत गेले आहे की आपल्या मुलींमध्ये गोडीची उणीव नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात विज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ५७ लाख २० हजार दिली आहे आणि त्यांपैकी सुमारे २९ लाख ८० हजार मुली आहेत. म्हणजे विज्ञान शिकणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलीच आहेत. संशोधनाच्या प्रत्यक्ष कामात असलेल्यांमध्ये मात्र स्त्रियांचे प्रमाण आपल्या देशात पाचात एक इतकेही भरत नाही.

ही गळती पुढे पदव्युत्तर शिक्षणानंतर, लग्नानंतर, मुले झाल्यावर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तिची सुरुवात मात्र शाळेच्या प्रयोगशाळेतच होते, असे मला वाटते आणि त्याच एका गोष्टीसाठी हा धागा काढला आहे. साहित्य कमी असल्यामुळे बहुतेक शाळांत प्रयोग गटाने करावे लागतात. ओहमच्या नियमाचा प्रयोग असेल तर पाच-सहा विद्यार्थ्यांत एक अमीटर आणि एक व्होल्टमीटर येतो. शिक्षक फळ्यावर आकृती काढतात, गट कामाला लागतात, आणि कोणी काहीही न सांगता कामाची वाटणी होऊन जाते. मुलगे तारा जोडतात, रोध बदलतात, काटा उलटा सरकला की टोके अदलाबदल करून पाहतात. मुलींपैकी जिचे अक्षर सुंदर आहे तिच्या हाती वही येते. ती निरीक्षण तक्ता आखते, वाचने नीट लिहून घेते, आलेख काढते आणि वर्गात सर्वांत अधिक गुणही तिलाच मिळतात. त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असे आपल्याला वाटत राहते. पण काटा उलटा का सरकला, हा प्रश्न ज्याच्या बोटांना पडला त्याने त्या तासाला जे शिकून घेतले, ते वही लिहिणारीच्या वाट्याला आलेले नसते.

केवळ मुलींच्या शाळेतही हेच थोड्या निराळ्या रूपात दिसते. तिथे एकच धीट मुलगी सगळे करते आणि बाकीच्या तिच्याभोवती उभ्या राहतात. याला मुली भित्र्या असतात असे उत्तर दिले जाते, पण ते मला मान्य नाही. बारा-तेरा वर्षांपर्यंत घरात पाना, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर यांपैकी काहीही जिच्या हाती कोणी दिले नाही, उलट 'तू सर, तुला लागेल' असेच जिने ऐकले, ती शाळेतल्या काचेच्या नळीलाही जपूनच हात लावणार. शिवाय वस्तू फुटली तर भरून द्यावी लागेल, ही भीती मुलींना मुलग्यांपेक्षा जास्त असते, कारण घरी त्याबद्दल बोलणीही त्यांनाच जास्त बसतात.

आपापल्या शाळेत, घरात, सोसायटीत यावर कोणी काय केले आहे, ते कृपया लिहावे. भाषणे कोणाची झाली, यापेक्षा मुलींच्या हातांनी काय केले, हे वाचायला मला आवडेल.

सक्करदऱ्याचा बाबा

ताई, आपले निरीक्षण घरालाही तंतोतंत लागू पडते. मार्च संपता संपता आमच्याकडे कूलर काढण्याचा कार्यक्रम असतो. टाकी घासायची, गवताच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का पाहायचे. या कामाला लहान भावाला हाक मारली जाते आणि सातवीत शिकणाऱ्या मोठ्या बहिणीला चहा ठेवायला सांगितले जाते. यंदा मी हे उलटे केले. पंप उघडून त्यातील पाते स्वच्छ करण्याचे काम मुलीकडे दिले, अर्थात प्लग काढून बाजूला ठेवल्यानंतर. तिने विचारलेला प्रश्न येथे मांडतो, कारण मला त्याचे उत्तर नीट देता आले नाही. मे महिन्यात कूलर इतकी थंड हवा देतो, मग पावसाळ्यात तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा असून हवा चिकट का लागते?

प्रयोगवही

हा प्रश्न नागपूरच्या मुलीनेच विचारावा असा आहे. ताट्यांवरचे पाणी बाष्प होताना लागणारी उष्णता आत येणाऱ्या हवेतून घेते, म्हणून हवा थंड होते. मे महिन्यात आपली हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे बाष्पीभवन वेगाने होते. जुलैमध्ये हवेत आधीच इतके बाष्प असते की आणखी पाणी तिच्यात मावायला फारशी जागा उरत नाही. हवा थंड तर होत नाही, वर तिच्यातील ओल तेवढी वाढते.

पण आपण हे तिला सांगून टाकू नये, अशी माझी विनंती आहे. दोन साधे तापमापक आणा. एकाच्या फुग्यावर ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दुसरा कोरडाच ठेवा. दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात ठेवून रोज दुपारी एकाच वेळी वाचने घ्यायला तिला सांगा. मे अखेरीस दोन्हींमध्ये पुष्कळ अंतर पडेल आणि पाऊस सुरू झाला की ते अंतर झपाट्याने कमी होईल. कूलर हवेला फार तर ओल्या तापमापकाच्या वाचनापर्यंत नेऊ शकतो, हे तिचे तिलाच तक्त्यातून दिसेल. हवामान खात्याच्या निरीक्षकाला सापेक्ष आर्द्रता काढण्यासाठी याच दोन वाचनांचा आधार असतो.

इतवारीकर

धागा चांगला आहे, परंतु एक शंका मांडतो. साहित्य मुलग्यांनाही मिळत नाही. अनेक शाळांची प्रयोगशाळा वर्षभर कुलपात असते आणि दहावीच्या प्रात्यक्षिक वह्या मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवल्या जातात. अशा वेळी मुलींसाठी वेगळे काही करण्यापेक्षा सर्वांसाठीच प्रयोगशाळा उघडली तर मुलींचाही प्रश्न सुटणार नाही का?

प्रयोगवही

प्रयोगशाळा सर्वांसाठी उघडली पाहिजे, यात दुमत नाही. पण केवळ तेवढ्याने मुलींचा प्रश्न सुटत नाही, कारण उघड्या प्रयोगशाळेतही वाटणी कशी होते ते मी वर लिहिले आहे. मुले शाळेत येतात तीच काही समजुती घेऊन येतात. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील पाच ते सात वर्षांच्या मुलांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचव्या वर्षी मुलगे आणि मुली दोघेही अतिशय हुशार व्यक्ती म्हणून आपल्याच लिंगाची व्यक्ती निवडत होते. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींमध्ये ते प्रमाण घसरले, आणि हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे असे सांगितले की त्या खेळातला त्यांचा रसही कमी झाला. हे घडले तेव्हा त्या मुली पहिली-दुसरीच्या वयाच्या होत्या. त्याही आधी, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. स्त्री शास्त्रज्ञाची चित्रे निघाली फक्त २८, आणि ती सर्व मुलींनीच काढलेली होती. पुढच्या दशकांत अमेरिकेत हे चित्र पुष्कळ सुधारले, म्हणजे बदल होतो. पण तो करावा लागतो.

हा प्रयोग कोणत्याही शिक्षकाला एका तासात करून पाहता येतो. पाचवीच्या वर्गाला कोरा कागद द्यावा आणि शास्त्रज्ञ काढायला सांगावे, मात्र मराठीत शब्द असा वापरावा की त्यातून स्त्री किंवा पुरुष असे काही सूचित होणार नाही.

मृदगंध

मी मृदाशास्त्रज्ञ आहे आणि अनेक वर्षे नागपुरातच काम करते, त्यामुळे पुढच्या टप्प्याविषयी लिहिते. त्याआधी एका नावाची आठवण करून देते. रामन विज्ञान केंद्राच्या सहली आपल्या सगळ्या शाळा काढतात. गांधीसागर तलावासमोरचे ते केंद्र १९९२ पासून आहे, नंतर तिथे तारांगणही झाले आणि विदर्भातल्या कितीतरी मुलांनी ग्रहताऱ्यांचा पहिला धडा तिथेच घेतला. तिथून परतताना मुलींना कमला सोहोनी कोण होत्या, हे अवश्य सांगावे. माहेरच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या येऊन त्यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन होते आणि त्यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तिथे जाऊन नकाराचे कारण विचारले आणि हटल्या नाहीत. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, आणि आपल्या उपस्थितीने इतरांचे लक्ष विचलित होऊ देऊ नये अशीही एक अट होती. वर्षभराच्या कामानंतर रामन यांचे समाधान झाले आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे पेशींना ऊर्जा मिळवण्यात मदत करणारे प्रथिन असते, हे त्यांच्या तिथल्या संशोधनातून पुढे आले. भारतात परतल्यावर कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केले, म्हणजे गरिबाच्या ताटातल्या प्रश्नावर.

जुना लेखापाल

मृदगंध ताई, मी लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे. रामन हेही वित्त सेवेत होते आणि त्या नोकरीत काही काळ त्यांची नेमणूक आपल्या नागपुरात होती, याचा आम्हा लेखापालांना फार अभिमान आहे. सरकारी नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ संशोधन करणारा माणूस म्हणून आम्ही त्यांचे नाव मुलांना सांगत आलो. आपण सांगितलेली हकीकत खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु आठवी-नववीच्या मुलींना ज्यांच्या नावाच्या वास्तूत आपण घेऊन जातो, त्यांच्याविषयी तिथेच असे सांगितल्याने त्यांच्या मनात विज्ञानाविषयीच कटुता येणार नाही का, ही माझी काळजी आहे.

मृदगंध

काका, आपली काळजी मनापासूनची आहे, म्हणून उत्तरही मनापासून देते. रामन यांचे काम आणि त्यांचा तो निर्णय, या दोन्ही गोष्टी मुलींना एकत्र कळल्या तर कटुता येईल असे मला वाटत नाही. शोध लावणारी माणसेही आपल्या काळाच्या समजुतींतून सुटलेली नसतात आणि पुरावा समोर आला की त्यांना मत बदलावे लागते, हे विज्ञानाचेच शिक्षण आहे. रामन यांनी मत बदलले, तेही कमलाबाईंच्या कामाकडे पाहून. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केले. त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले, तरी एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्या हवामान खात्यात आल्या आणि देशात वापरल्या जाणाऱ्या हवामान-उपकरणांच्या प्रमाणीकरणाचे मोठे काम त्यांनी पुण्यात उभे केले. वरच्या चर्चेतील कूलरवाल्या मुलीला त्यांच्याविषयी आवर्जून सांगा, कारण उपकरण हातात घेऊन ते अचूक कसे करावे याचाच ध्यास या बाईंना होता.

आता माझ्या क्षेत्राचे. नागपूरच्या मुलींना घराबाहेर पाऊल टाकताच एक प्रयोगशाळा मिळते, ती म्हणजे आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, कारण तिच्यातील स्मेक्टाइट गटाची चिकणखनिजे थरांच्या मध्ये पाणी धरतात. दोन सारख्या बरण्या घ्या, एकीत काळी माती आणि दुसरीत कन्हान नदीची रेती सारख्या उंचीपर्यंत भरा, मोजून पाणी घाला आणि दुसऱ्या दिवशी उंची मोजा. याला काहीही खर्च नाही. मात्र पुढचा प्रश्न मुलीला स्वतः सुचू द्यावा: घराच्या भिंतीला तिरक्या भेगा का जातात, रस्ता पावसाळ्यात का खचतो, कपाशीचे मूळ भेगेत तुटते का. माझ्या अनुभवात ज्या मुली पुढे टिकल्या, त्या आपल्या अंगणातला प्रश्न घेऊन आलेल्या होत्या.

काटोलची शिक्षिका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शहरातील मंडळींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी की आमच्याकडे पहिली लढाई हजेरीची असते. कापूस वेचणी सुरू झाली की सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी घटते. आई वेचायला जाते आणि धाकट्या भावंडांना मुलगी सांभाळते, किंवा स्वतःच ओटी बांधून शेतात जाते. अशा मुलीला प्रयोगशाळेचे कौतुक सांगण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही प्रयोगच शेतात नेला.

गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावतात. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध असलेली गोळी त्यात असते, तिच्याकडे नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक पतंग सापडले तर उपाययोजना करावी, अशी शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात. आमच्या मुलींनी आपल्याच शेतातल्या सापळ्यांतील पतंग रोज सकाळी मोजायला सुरुवात केली. आकडे वाढले की वडिलांना सांगायचे आणि कमी असले तर फवारणी थांबवा असेही सांगायचे. ज्या घरात मुलीच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, तिथे वडील सकाळी आज किती निघाले असे विचारू लागले. फवारणीचा खर्च वाचला तेव्हा तर त्या वहीला घरात मान मिळाला. वर प्रयोगवही ताईंनी वहीबद्दल जे लिहिले ते मला पटते, पण वही तेव्हाच दुय्यम होते जेव्हा मोजणारी एक आणि लिहिणारी दुसरी असते. येथे पतंग मोजणारी, ओळखणारी, लिहिणारी आणि त्यावरून निर्णय सांगणारी एकच मुलगी होती.

संत्र्याच्या बागांतही हे करता येईल, पण आमचे अजून तिथवर झालेले नाही.

शिक्षकांसाठी एक माहिती जोडते. केंद्र शासनाच्या इन्स्पायर-मानक योजनेत मुलांच्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन पाठवायच्या असतात आणि निवड झालेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृती करण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. नोंदणी मुख्याध्यापकांकडून होते, त्यामुळे शाळेने आळस केला तर मुलीला संधीच मिळत नाही. पालकांनी शाळेत जाऊन याची चौकशी करावी.

प्रयोगवही

काटोलच्या ताई, हे वाचून फार समाधान वाटले. आपल्या येथे महापालिकेच्या शाळांतील मुलामुलींनी सादर केलेला अपूर्व विज्ञान मेळावा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना याची दुसरी बाजूही ठाऊक असेल. तिथे स्ट्रॉ, बाटल्या, फुगे, चुंबक अशा स्वस्त वस्तूंनी मांडलेले प्रयोग मुलेच पाहुण्यांना समजावून सांगतात. जिच्या घरी विज्ञानाचे पुस्तकही नसते अशी सातवीतली मुलगी अनोळखी मोठ्या माणसाला हवेचा दाब समजावते आणि त्याच्या उलट प्रश्नाला उत्तरही देते. हे सांगण्याचे काम ती दिवसभरात कितीदा तरी करते आणि प्रत्येक वेळी तिचे बोलणे अधिक ठाम होत जाते. माझ्या मते प्रयोग करण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे.

धूमकेतू

नमस्कार. मी बारावीत आहे आणि मला हा धागा माझ्या शिकवणीतल्या मैत्रिणीने पाठवला. थोडे वेगळे लिहिते. माझ्या अवतीभवती विज्ञान घेतलेल्या मुलींची कमतरता नाही, परंतु आमच्यापैकी बहुतेकींसाठी विज्ञान म्हणजे ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा. जीवशास्त्र घेतले की डॉक्टर व्हायचे आणि ते जमले नाही तर आणखी एक वर्ष द्यायचे, हे ठरलेले असते. मला भौतिकशास्त्र आवडते. घरी विरोध नाही, परंतु भौतिकशास्त्र घेऊन तू करशील काय, आणि त्यासाठी नागपूर सोडून जावे लागेल, मग तुझे राहणे कसे, हे दोन प्रश्न आईबाबा पुन्हा पुन्हा विचारतात. माझ्याकडे उत्तरे नसतात. शिकवणीत प्रयोग होत नाहीत आणि महाविद्यालयात आम्ही फक्त प्रात्यक्षिकाच्या दिवसांत जातो, त्यामुळे मला ते खरोखर आवडते की केवळ गणिते सुटतात म्हणून आवडते, हेही मला नीट कळत नाही. मला काय करता येईल?

मृदगंध

बाळ, तुझा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तो तुला पडला यातच पुष्कळ आले. त्याचे उत्तर शिकवणीत मिळणार नाही. सुट्टीत एखादे मोजमाप सलग काही आठवडे कर, ते बिघडू दे, का बिघडले ते शोध. त्या शोधण्यात तुझे मन रमले तर भौतिकशास्त्र तुझे आहे असे समज.

आईबाबांसाठी माहिती देते. देशात सात भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहेत, त्यांपैकी एक पुण्यात आहे. प्रवेशासाठी त्यांची स्वतंत्र अभिरुची चाचणी असते आणि तिथे राहण्याची सोय संस्थेच्या आवारातच असते. मूलभूत विज्ञानात पदवी घेणाऱ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंत असते. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात असणे ही तिची मुख्य वाट आहे. अभियांत्रिकीकडे वळायचे झाले तर २०२४-२५ पासून राज्य शासनाने कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. नियम तपशिलाने वाचावेत.

आणि नागपूर सोडावेच लागेल असेही नाही. येथे १९०६ पासून चालत आलेली शासकीय विज्ञान संस्था आहे, व्हीएनआयटी ही राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. नोकरी-संशोधनाच्या बाजूने नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय आहे, प्रादेशिक हवामान केंद्र आहे, वाडीला ॲल्युमिनियमवरील संशोधन केंद्र आहे. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड तुरटी आणि चुन्याच्या साहाय्याने काढण्याची नालगोंडा पद्धत देशभर माहीत आहे, ती नीरीनेच विकसित केली. आपल्या मुलींच्या घरापासून हे सारे काही किलोमीटरवर आहे आणि तरीही त्यांना विज्ञान म्हणजे डॉक्टर एवढेच माहीत असते, याचे मला वाईट वाटते. आम्ही आत काम करणाऱ्यांनी बाहेर येऊन बोलले पाहिजे, ही आमची जबाबदारी आहे आणि ती आम्ही पुरेशी घेत नाही.

लग्न आणि मुलांमुळे कामात खंड पडलेल्या स्त्रियांना संशोधनाकडे परत आणण्यासाठी वाईज-किरण ही योजना आहे. तिचा उपयोग करून परतलेल्या स्त्रिया माझ्या पाहण्यात आहेत. तरीही मी आईबाबांना हेच सांगेन की शिक्षण पुरे होण्याच्या ऐन वर्षांत स्थळांची घाई करू नये, कारण सुटलेला प्रयोग परत हाती घेणे योजनेनेही सोपे होत नाही.

जुना लेखापाल

ताई, आपले रामन यांच्याविषयीचे उत्तर मी दोनदा वाचले. पुढच्या वेळी नातीला केंद्रात नेईन तेव्हा दोन्ही हकीकती एकत्र सांगेन. एक सुचवतो: संध्याकाळच्या आकाशदर्शनाला मुलींना पाठवायला पालक कचरतात. मुलींसाठी दिवसा करण्याजोगे खगोलशास्त्राचे काही काम आहे का?

प्रयोगवही

काका, आहे आणि ते मे महिन्यातच आहे. नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास सूर्य मध्यान्ही आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. असाच योग जुलैच्या मध्यानंतरही येतो, पण तेव्हा ढग असतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, म्हणून हे घराच्या गच्चीवर करावे लागेल.

केवळ सावली नाहीशी झालेली पाहून टाळ्या वाजवण्यापेक्षा याचा पुढे उपयोग करावा. चंद्रपूर नागपूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १३० किलोमीटर भरते. नागपुरात सावली शून्य असते त्याच मध्यान्ही चंद्रपुरात एक मीटर उंचीच्या काठीची सावली दक्षिणेकडे सुमारे दोन सेंटिमीटर पडते. या दोन संख्यांवरून नववीतली मुलगी पृथ्वीचा परीघ काढू शकते: दोन सेंटिमीटर भागिले शंभर सेंटिमीटर हा रेडियनमधील कोन झाला, १३० किलोमीटरला त्याने भागले की पृथ्वीची त्रिज्या सुमारे साडेसहा हजार किलोमीटर येते आणि परीघ सुमारे ४१ हजार. प्रत्यक्ष परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर आहे.

चंद्रपूरच्या कोणा शिक्षकांनी किंवा पालकांनी या धाग्यावर कळवले तर आपण दोन्हीकडच्या मुलींचे गट जोडू.

काटोलची शिक्षिका

आमच्या मुलीही करतील. पण दोन सेंटिमीटर इतके लहान माप, त्यात काठीच्या सावलीची कड पुसट असते. नेमके कुठे मोजायचे?

प्रयोगवही

अचूक प्रश्न. सूर्य बिंदू नसून त्याची चकती सुमारे अर्ध्या अंशाची आहे, म्हणून एक मीटर उंचीवरून सावलीची कड जवळजवळ नऊ मिलिमीटर पुसट होते. काठीच्या टोकाऐवजी एका स्टुलावर बाहेर आलेला पुठ्ठा ठेवावा आणि त्याला दाभणाने बारीक छिद्र पाडावे. खाली पांढऱ्या कागदावर सूर्याची वाटोळी प्रतिमा पडते. तिच्या कडा पेन्सिलीने गिरवून मध्य काढावा. त्याच छिद्रातून ओळंबा सोडावा आणि त्याच्या टोकाखाली खूण करावी. या दोन खुणांतील अंतर म्हणजे आपले माप. छिद्रापासून कागदापर्यंतची उंची बरोबर शंभर सेंटिमीटर असावी आणि कागद पाणसळीने सपाट करून घ्यावा, कारण येथे एका मिलिमीटरची चूक परिघात सुमारे दोन हजार किलोमीटरचा फरक पाडते.

आपल्याकडे मे अखेरीस मध्यान्ह घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असते. बारापासून साडेबारापर्यंत दर दोन मिनिटांनी प्रतिमेचा मध्य नोंदवावा आणि ओळंब्याच्या खुणेच्या सर्वांत जवळ आलेला बिंदू घ्यावा. काटोल किंचित उत्तरेला आहे, म्हणून तिथे सावली सुमारे एका दिवसाने उशिरा शून्य होईल. २६ आणि २७ दोन्ही दिवस करावे. सूर्याकडे थेट पाहू द्यायचे नाही, डोक्याला रुमाल बांधायचा, पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि दर दहा मिनिटांनी गटातील जोडी बदलून सावलीत बसवायची.

जोडीत एक प्रतिमा गिरवेल आणि दुसरी वेळ सांगेल. बदल झाला की पुढच्या जोडीत कामे उलटी व्हावीत. ओळंबा मात्र प्रत्येकीने एकदा तरी स्वतः बांधावा. शिक्षकांनी तो बांधून देऊ नये.